तांदळाएवढा तुकडा

काल एक सॅम्पल बाद केलं, अजून मनातून जात नाहीये.

लिव्हरची गाठ काढताना रक्त फार जातं म्हणून सर्जन लिव्हरकडे येणारं रक्तच थोडा वेळ क्लॅम्प लावून थांबवतात, साधारण १५ मिनिटं बंद मग ५ मिनिटं सुरू. प्रिंगल नावाच्या ग्लासगोच्या सर्जनने १९०८ साली ही युक्ती लिहिली, आजही तीच वापरतात. पण रक्त परत आलं की पेशींना वेगळाच मार बसतो, आणि काही लिव्हर तो सहज झेलतात, काही नाही. का, तेच मी शोधतेय.

१९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयावर दिसलं होतं की आधी ५-५ मिनिटं चारदा रक्त थांबवलं तर नंतरच्या ४० मिनिटांच्या बंदमध्ये नुकसान पावपटीवर येतं, म्हणजे पेशी तयारी करून ठेवतात. माणसांच्या लिव्हरमध्ये निकाल इतके सरळ आले नाहीत, म्हणून थेट टिश्यूत बघायचं. मी बघते हीम ऑक्सिजनेज-१ हे एन्झाइम, जे हीम म्हणजे रक्ताला लाल रंग देणारा भाग फोडतं. मुका मार लागल्यावर काळंनिळं हिरवट होतं आणि मग पिवळं पडतं ना, ते याच एन्झाइममुळे, हीम फोडून आधी हिरवं बिलिव्हर्डिन, त्याचं पिवळं बिलिरुबिन, आणि हे बिलिरुबिन पेशींचं रक्षणही करतं.

तर मला दोन तुकडे लागतात, तांदळाच्या दाण्याएवढे, एक क्लॅम्पच्या आधीचा, एक रक्त सुरू झाल्यानंतरचा. संमतीची सही करताना काकूंनी विचारलं होतं, "मॅडम, ह्याचा आमच्या ह्यांना काही उपयोग होईल का ओ?" मी म्हटलं, नाही काकू, यांना नाही, पुढच्यांना कदाचित. त्यांनी क्षणभर पेन तसंच धरलं आणि सही केली.

काल पहिला तुकडा नीट गोठवला. दुसरा हातात आला, गोठवायच्या कॅनचं झाकण काढलं तर आत लिक्विड नायट्रोजन नाहीच, नुसता तळाला थोडा धूर. सकाळी भरलाय असं मला सांगितलं होतं. धावत लॅबमधून आणेपर्यंत १२ मिनिटं गेली. कापलेला तुकडा लगेच मरत नाही हो, त्या वेळात काही स्ट्रेसचे जीन्स जास्त काम करायला लागतात, मग मशीनवर जे दिसेल ते क्लॅम्पमुळे की माझ्या उशिरामुळे, कसं सांगणार? सर म्हणाले बाद कर, मी केलं.

आज वॉर्डात काकूंनी विचारलं, झालं का तुमचं काम? खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता परत घ्यायचा का?"

नाही घेता येत काकू.

गुरुवारी पुढची केस आहे, कॅन मी स्वतः भरणार आणि झाकण उघडून बघणार.