दुबईहून एका दिवसात मलेहा: तांबडी वाळू, शिंपल्यांचा डोंगर आणि गणपतीची शमी

दुबईतल्या मराठी घरांत थंडी सुरू झाली की गावाकडून आई-बाबा येतात, आणि त्यांना वाळवंट दाखवायचं म्हणजे संध्याकाळची सफारी, हे बहुतेक ठरलेलं असतं. टेकड्यांवरून उसळणारी गाडी, मग तंबूत जेवण आणि नाच. तरुण मंडळींना त्यात मजा येते हे मान्य. पण साठी ओलांडलेल्या, कंबरेचा त्रास असलेल्या माणसाला त्या गाडीत बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय त्या सगळ्या धावपळीत वाळवंट बघायचं राहूनच जातं. आम्ही या वेळी आई-बाबांना घेऊन शारजाच्या हद्दीतल्या मलेहाला गेलो. सकाळी निघून रात्रीच्या जेवणाला घरी. तुमच्याकडे कोणी येणार असेल तर मी हेच सुचवेन.

बर दुबईतून मलेहा तासाभरावर आहे. एमिरेट्स रोड म्हणजे ई-६११ धरायचा आणि पुढे शारजा–कल्बा रस्त्याला, ई-१०२ ला, पूर्वेकडे वळायचं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे या पट्ट्यात दाट धुकं पडतं, त्यामुळे उजाडायच्या आत निघण्याची घाई करू नका. सातनंतर निघालात तरी दिवस पुरतो. धुक्यात हॅझर्ड लाइट लावून गाडी चालवणं इथे नियमाविरुद्ध आहे, हे नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावं. पेट्रोल शहरातच भरून घ्या.

खिडकीतून वाळूकडे लक्ष ठेवा. किनाऱ्याजवळची वाळू फिकट, पांढरट असते, कारण तिच्यात शंख-शिंपल्यांचा चुरा बराच असतो. जसजसं आत जावं तसतशी ती पिवळी, मग नारिंगी, आणि मलेहाच्या आसपास चक्क तांबडी होते. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याचा हा रंग. बाबा कोकणातल्या तांबड्या मातीत वाढलेले. ते म्हणाले, "तिथेही लोखंडच, इथेही लोखंडच." ते अगदी बरोबर आहे.

आधी मलेहा पुरातत्त्व केंद्रात जा. २०१६ साली उघडलेलं हे केंद्र कांस्ययुगातल्या एका गोल थडग्याला धरून बांधलं आहे. इ.स.पू. २३०० च्या सुमाराचं, म्हणजे सिंधू संस्कृती भरात होती त्या काळातलं. आतलं संग्रहालय लहान आहे, पण एकेका वस्तूपाशी थांबावं असं आहे. जवळच्या जबल फाया डोंगराच्या पायथ्याशी सव्वा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली. आफ्रिकेतून बाहेर पडलेला माणूस कोणत्या वाटेने पुढे गेला, या चर्चेत या जागेचं नाव हमखास येतं, आणि २०२५ साली फायाचा हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आईला सगळ्यात भावलं ते घोडे आणि उंटांचं दफन. इस्लामपूर्व काळात इथे नांदत्या वस्तीचं गाव होतं. तिथले लोक मेलेल्या धन्याच्या सोबत त्याची जनावरं पुरत. एका घोड्याच्या लगामाला सोन्याचे अलंकार होते. "जिवंत जनावराला मारून पुरायचे?" असं विचारून आई तिथे बराच वेळ उभी राहिली.

केंद्राकडून वाळवंटात नेणाऱ्या मार्गदर्शित फेऱ्या मिळतात. स्वतःची फोर-बाय-फोर नसेल तर हाच मार्ग धरा आणि आरक्षण आधी करून ठेवा, कारण शारजात शुक्रवार-शनिवार-रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते आणि तेव्हा गर्दी होते. वयस्कर माणसं बरोबर आहेत, गाडी हळू न्या, असं आरक्षण करतानाच सांगा. आम्ही सांगितलं होतं आणि चालकाने ते शेवटपर्यंत पाळलं.

आता फॉसिल रॉक. तांबड्या वाळूतून एकदम वर आलेला करडा डोंगर. इथला चुनखडक साधारण सात कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचला. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे हा त्याच्याही आधीचा. आपण डोंगर चढत मोठे झालो, पण त्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, शिंपला शोधायची सवय आपल्या डोळ्यांना नाही. इथे जरा खाली वाकून पाहिलं की खडकात वळसेदार शंख दिसतो, पुढे समुद्री साळिंदराची (सी अर्चिन) पाचपाकळी नक्षी दिसते. मला एक शंख असा सापडला की त्याचा अर्धा भाग दगडात आणि अर्धा वर. त्याच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं तर प्रत्येक कड वेगळी लागत होती. समुद्र इथून किती लांब आहे आणि हा जीव इथे कसा, हे समजायला त्या एका स्पर्शाने मला जेवढी मदत झाली तेवढी कुठल्याही फलकाने झाली नाही. हात लावून बघा, पण कृपा करून खिशात घालू नका. प्रत्येकाने एकेक नेला तर आपल्या मागून येणाऱ्या मुलांना दाखवायला काय उरेल? दगड उलथवायलाही जाऊ नका, खाली विंचू असू शकतो.

दुपारी जेवायला आम्ही एका घाफच्या झाडाखाली बसलो. घाफ हे अमिरातीचं राष्ट्रीय झाड. वाळूत खूप खोलवर मुळं नेऊन ते पाणी शोधतं. आई सतरंजी पसरता पसरता थांबली, फांदी खाली ओढून बारीक पानं आणि काटे न्याहाळले आणि म्हणाली, "अरे, ही तर शमी." खरंच आहे. राजस्थानातली खेजडी, आपल्याकडे दसऱ्याला पुजतात आणि गणपतीला वाहतात ती शमी, आणि इथला घाफ, झाड एकच. थोड्या अंतरावर रुईचं झुडूपही होतं. मारुतीची रुई आणि गणपतीची शमी एवढ्या लांब, एकाच वाळूत! आईला वाळवंट तेव्हापासून परकं वाटेना. पानं मात्र तोडू नका. घाफ इथे संरक्षित आहे.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ होता. दही-भात शक्यतो टाळा, वाळू उडते. रस्त्यालगतच्या कॅफेटेरियात करक चहा आणि पराठा मिळतो. पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या, थंडीतसुद्धा. कोरड्या हवेत घाम जाणवत नाही. आणि प्लास्टिकचा एकही तुकडा मागे ठेवू नका. उंट पिशव्या गिळतात, त्या पोटात साठून गोळा होतो आणि जनावर तडफडून मरतं. आम्ही एक जास्तीची पिशवी नेली होती. परतताना ती दुसऱ्यांच्या कचऱ्यानेच भरली.

मलेहाहून ई-५५ ने दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर अल मदाम येतं. गावाबाहेर सत्तरच्या दशकात बांधलेली आणि नंतर सोडून दिलेली बदाऊंची, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांची, वसाहत आहे: घरांच्या दोन रांगा आणि एक मशीद. दारं-खिडक्यांतून शिरलेली वाळू खोल्यांत छातीएवढी साचली आहे. भुताखेताच्या कहाण्या सांगणारे भेटतील, त्यांत मला रस नाही. रंगवलेल्या भिंतीवर वाळू कुठवर चढली त्याची रेघ पाहिली की वारा रोज थोडंथोडं काय करतो ते कळतं. शेवटचा टप्पा वाळूचा आहे. साधी कार असेल तर घट्ट जमीन संपते तिथेच लावा आणि चालत जा. भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा वाळूत लागू होत नाही, तेव्हा करारपत्र वाचा. फोर-बाय-फोर असली तरी टायरमधली हवा कमी केल्याशिवाय आणि सोबत दुसरी गाडी असल्याशिवाय आत घुसू नका.

टेकडी चढायची असेल तर ऊन उतरल्यावर, दुपारी चारनंतर. वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि कमी उताराची असते, तिकडून चढा. दुसरी बाजू तीस-पस्तीस अंशांची, पाऊल टाकताच घसरते. लहान मुलांना तिकडून खाली पळू द्या, खूश होतात. बाबा गुडघ्यांमुळे अर्ध्यावरच बसले, आणि तिथेच त्यांना एका काळ्या भुंगेऱ्याच्या पावलांची दुहेरी रेघ सापडली. ती कुठे जाते ते पाहत त्यांचा अर्धा तास छान गेला. वर पोचायलाच हवं असं काही नाही.

डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो आणि लगेच गारठा पडतो. आई-बाबांसाठी शाल, कानटोपी गाडीत असू द्या. बूट झाडून बसा. परतीच्या वाटेवर कुंपण नसलेल्या भागात उंट अचानक रस्त्यावर येतात, अंधारात ते गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, म्हणून वेग कमी ठेवा. रविवारी संध्याकाळी शारजाच्या बाजूने दुबईकडे येताना वाहतूक तुंबते. शनिवारी गेलात तर बरं. मे ते सप्टेंबर मात्र हा बेत करूच नका. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि वयस्करांसाठी ते जिवावर बेतू शकतं.