कोपरचा घाट

स्लोव्हेनियातल्या ब्लेडच्या तळ्याकाठी दोन दिवस होतो. गर्दी, फोटो, क्रीमचा केक. त्याहून जास्त सांगावंसं काही नाही.

स्लोव्हेनियात मी खरा गेलो तो कोपरसाठी. (डोंबिवलीशेजारचं कोपर वेगळं.) जेमतेम ४७ किलोमीटर किनारा असलेल्या या देशाचं हे मालवाहू बंदर. सुरू झालं १९५७ साली, पण रूळ आले १९६७ मध्ये. बंदरातून निघालेला तो फाटा वर प्रेश्नित्सा इथे १८७६ च्या जुन्या इस्त्रियन मार्गाला मिळतो आणि तिथून दिवाचाला जातो. समुद्राच्या पातळीवरून थेट चुनखडीच्या पठारावर, तेही एकेरी रुळावरून. हजार मीटरला सुमारे २५ मीटर चढ. माझं बालपण कर्जतला गेलं, बाबा रेल्वेत होते. आमच्या बोर घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे हजाराला २७. कोपरचा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हाच ठरवलं होतं की तो घाट बघायचाच.

ह्रास्तोव्ल्ये हे त्या डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव. तटबंदीच्या आत एक चिमुकलं दगडी चर्च आहे, भिंतींवर १४९० सालची चित्रं. त्यात सांगाडे एकेकाचा हात धरून राजाला, धर्मगुरूला, भिकाऱ्याला, लहान मुलालाही थडग्याकडे नेतात. लोक ते बघायला येतात, बघून लगेच निघतात. मी चर्चमधून बाहेर पडलो आणि रुळांच्या दिशेने चढत गेलो. ऊन तापलं होतं, सावलीला झुडपांखेरीज काही नव्हतं.

वाटेत एका घराच्या कुंपणापाशी एक आजोबा बसले होते. मी रुळांकडे बोट दाखवलं. ते आत गेले, पाण्याचा तांब्या आणि ओंजळभर अंजीर घेऊन आले. आमची भाषा म्हणजे त्यांचं मोडकं इंग्रजी आणि माझे हातवारे. तरी बरंच कळलं. उन्हाळ्यात खाली उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकमधून ठिणग्या उडतात आणि वाळलेलं गवत पेटतं, म्हणून इथे प्रत्येक घराला आगीची धास्ती. आणि २०१९ च्या जूनमधली गोष्ट: जवळच्याच बोगद्यात केरोसिनच्या टाक्या घेऊन जाणारी गाडी घसरली. चुनखडीत पाणी कसं झिरपतं ते कोकण्याला सांगायला नको, जांभ्यातही तसंच. इथे खाली रिझानाचा झरा आहे आणि किनाऱ्याला पिण्याचं पाणी मुख्यतः तोच देतो. ते सांगताना आजोबांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे बोट केलं. परदेशात कुणी इतक्या आपलेपणाने माझ्याशी बोललेलं मला आठवत नाही. हॉटेलांच्या स्वागतकक्षात तर नाहीच.

आणि मग आवाज आला.

आधी रूळ गुणगुणले. वळणावरून दोन विजेची इंजिनं आली, दोन्ही टॉरस मॉडेलची, मागे कंटेनरांची रांग. बाजूवर आद्रिया ट्रान्सपोर्ट लिहिलेलं. या कंपनीबद्दल मी घरी बसून वाचलं होतं. कोपर बंदर आणि ऑस्ट्रियातली, कोळशासाठी बांधलेली ग्रात्स-कोफ्लाखर ही जुनी रेल्वे, अशा दोघांनी मिळून २००५ साली ती काढली. युरोपातली मालवाहतूक तेव्हा खुली होत होती. २००७ पासून पूर्ण खुली झाली. खासगी म्हणायचं ते राष्ट्रीय रेल्वेच्या बाहेरची म्हणून. दोन्ही मालकांमध्ये सरकारी भांडवल आहेच. कंपनी छोटी, मोजकी इंजिनं. पण इंजिनं बहुविद्युत: स्लोव्हेनियाचे ३००० व्होल्ट डीसी आणि ऑस्ट्रियाचे १५००० व्होल्ट एसी, दोन्हींवर चालतात. पूर्वी इगतपुरीला वीज बदलायची म्हणून इंजिन बदलत, त्यात किती वेळ जाई ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं मोल कळेल.

आपल्याकडेही २००६ साली कंटेनर गाड्या खासगी कंपन्यांना खुल्या झाल्या. उरणच्या बाजूला त्यांचे रेक रोज दिसतात. पण इंजिन आणि लोको पायलट रेल्वेचेच. इथे एवढीशी कंपनी स्वतःचं इंजिन घेऊन सरकारी रुळांवर, असा घाट चढते. मला ते मनापासून आवडलं, आणि आपल्याकडेही व्हावं असं वाटतं.

गाडी फार हळू होती. सावकाश, पण कुठेही न अडखळता. चाकांचा तो कण्हल्यासारखा आवाज मी पळसदरीच्या वरच्या वळणांवर शेकडो वेळा ऐकलाय. डबे मोजायला लागलो आणि मध्येच मोजणं सुटलं, डोळे भरून आले होते. पहिल्या इंजिनाच्या चालकाने हात वर केला. आजोबांनीही केला. त्यांची ओळख असावी, किंवा नसेलही.

खालच्या अंगाला नव्या मार्गाचं काम दिसत होतं. २७ किलोमीटर, त्यातले वीसेक किलोमीटर बोगद्यातून, चढही सौम्य. बंदराला तो हवाच होता, झऱ्यालाही. पण ज्यांना ही मालगाडी उघड्या डोंगरावर बघायचीय त्यांनी जुन्या मार्गावर रहदारी आहे तोवरच यावं.

संध्याकाळी कोपरच्या धक्क्यावर बसून बाबांना फोन लावला आणि रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या इंजिनाचं विचारलं, "मागे बँकर नाही लावला?"

"नाही बाबा, दोन्ही पुढेच होती."

"परत लाव."

मी परत लावला.