आज शेडमधलं सुतारकामाचं टेबल उभं राहिलं

वरचा पृष्ठभाग म्हणजे आमचं जुनं सागवानी दार, पाय उतरवलेल्या छपराच्या वाशांचे, खालचा कप्पा पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या, फळ्यांचा. पॅलेटवरचा शिक्का आधी बघितला. 'एचटी' म्हणजे लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया. ती पॅलेट्स घेतलीच नाहीत.

अर्धा दिवस खिळे उपसण्यात गेला. डोकं तुटलेला खिळा लाकडात दडून बसतो आणि रंध्याच्या पात्याची धार मोडतो, म्हणून प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवलं.

सांगाडा जोडल्यावर काटकोन तपासायला गुण्या लावला, सगळं ठीक वाटलं. पण दोन्ही कर्ण मोजले तर ८ मिलिमीटरचा फरक! लांब कर्णाच्या कोपऱ्यांना क्लॅम्प लावून आवळत आणलं, तेव्हा मापं जुळली. तरी रंधा मारताना टेबल डुलतच होतं. मागे आणि बाजूंना तिरक्या पट्ट्या बोल्टने आवळल्या आणि ते जागचं हलेना. तो क्षण फार सुखाचा होता.

दाराच्या कडीचं भोक बुजवलेलं नाही. लहानपणी माझा हात तिथवर पोचायचा नाही.