तुम्ही विचारलंत म्हणून: म्हाताऱ्या माणसांची घरं बोळात का?

साइटवर, लग्नात, मागच्या नाथषष्ठीला तर दर्शनाच्या रांगेत सुद्धा हाच प्रश्न. मॅडम, पैठणला बाहेर रोडला एवढी जागा मोकळी पडलीय, लिफ्टवाली बिल्डिंग टाकायची सोडून म्हाताऱ्या माणसांना जुन्या गावातल्या बोळात का कोंबलं? कोंबलं हा शब्द मला लागतो. मी आर्किटेक्ट, तिथल्या जुन्या वाड्यात मी म्हाताऱ्या माणसांसाठी बारा खोल्या काढल्यात, एकेक दोन खणांची, मधे चौक, आणि राहणारे सगळे आजूबाजूच्याच गल्ल्यांतले.

पैशाचं आधी सांगते. श्रावणबाळ या सरकारी पेन्शनचे महिन्याला १५०० रुपये येतात, त्यातून माणूस भाडं किती देणार आणि लिफ्टचा मेंटेनन्स कुठून देणार? गावाबाहेर राहिलं की गोळ्यांना रिक्षा, बँकेत अंगठा द्यायला रिक्षा. इथून नाथांच्या वाड्यातल्या मंदिरात कीर्तनाला पायी जाता येतं.

आणि किल्लारी. भूकंपानंतर नवी गावं बसवली तिथं मी शिकत असताना गेले होते. रुंद रस्ते, सरळ ओळी, घरं मजबूत, आणि दुपारभर दारात एकटी बसलेली म्हातारी माणसं, कारण समोरच्या घरातलं बोलणं या घरात ऐकूच येत नव्हतं. ते डोक्यातून गेलं नाही. पण त्याच किल्लारीमुळं मी माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, ठेवलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे माणसं दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली, त्यामुळं जुनं ते सोनं मला कुणी सांगू नये. माती उतरवली, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवले, वर हलकं छप्पर घातलं. आता एप्रिल-मेमधे खोल्या तापतात. हो, तापतात.

जोतं दोन फुटांचं. बारा फुटांना एक फूट चढ म्हणजे रॅम्प २४ फूट पाहिजे आणि गल्ली आठ फुटांची, म्हणून देवडीची जमीन खाली घेतली आणि रॅम्प आत चौकात वळवला. हे सगळं जमलं. चुकलं ते उंबऱ्यात.

ड्रॉइंगमधे मी उंबरा काढूनच टाकला होता, कारण व्हीलचेअर, वॉकर. तर बायका चौकात बसल्या आणि एक आजी म्हणाल्या, "उंबरा न्हाई त्याला घर म्हणावं का व माय? हळदीकुंकू कुठं वाहू?" मला ते पटलं, आजही पटतं. पण वॉकर पण डोळ्यापुढं होता, म्हणून मी मधला रस्ता काढला आणि दोन इंचांचा उंबरा बसवला. मला वाटलं दोघांचं राहिलं.

त्याच आजी. रात्री दोनच्या सुमाराला लघवीला उठल्या आणि त्या दोन इंचांना अडकून पडल्या. आयुष्यभर त्या सहा इंचांचा उंबरा ओलांडत आल्या होत्या, त्याला पाय आपोआप उचलला जातो, डोळे मिटून सुद्धा. दोन इंचांना पाय उचलला जात नाही. हे मला कळायला पाहिजे होतं, मी आर्किटेक्ट आहे, पायरीची उंची हाच माझा धंदा. त्यांची हाक शेजारच्या वाड्यात गेली आणि पाच मिनिटांत चार माणसं आली. ॲम्ब्युलन्स मात्र गल्लीत शिरली नाही, तिथपर्यंत त्यांना खाटेवर उचलून न्यावं लागलं. खुब्याचं हाड मोडलेलं, गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्याला त्या ओरडत होत्या असं त्या पोरांनी मला सांगितलं. पुढं ५० किलोमीटर शहर. ऑपरेशन झालं, पण त्या परत आल्या नाहीत, चार महिन्यांनी गेल्या. मुलगा खोली रिकामी करायला आला तेव्हा त्यानं मला काही विचारलं नाही, नुसतं बोटानं उंबरा दाखवला.

मग गावाबाहेर बांधायला पाहिजे होतं का? तिथं ॲम्ब्युलन्स दारात आली असती. पण बंद फ्लॅटच्या दारामागून ती हाक कुणी ऐकली असती? मी हे स्वतःला किती वेळा विचारलंय, आणि रात्री एक उत्तर येतं, सकाळी दुसरं. आधीची मी म्हणायचे की बायकांचं ऐकणं म्हणजेच डिझाइन. त्या आधीच्या मला आज सांगावंसं वाटतं की ऐकायचं तर पूर्ण ऐक, सहा इंच दे आणि शेजारी धरायला कडी दे, नाहीतर सरळ नाही म्हण.

नंतर बाराही दारांतले उंबरे काढले आणि फरशीच्या लेव्हलला काळ्या दगडाची पट्टी बसवली. हळदीकुंकू त्यावरच वाहतात. काही जणी अजून तिथं पाय उचलूनच आत जातात, जणू तिथं काही आहे. आणि सात नंबरच्या आजींनी दारात आडवी लाकडी फळी ठेवलीय, चांगली पाच-सहा इंचांची. मी दोनदा सांगितलं, दोनदा त्यांनी काढली आणि मी गेल्यावर परत ठेवली. तिसऱ्यांदा मी काही बोलले नाही, फळीशेजारी भिंतीत कडी ठोकून आले.