बिघाडांचं कपाट: आमच्या नेटवर्किंग क्लासची वाटचाल

क्लास सुरू झाला तेव्हा कोअ‍ॅक्सची जाळी (एकाच केबलवर ओळीने जोडलेले सगळे कॉम्प्युटर) अजून पुरती गेली नव्हती. बीएनसीचे टी आकाराचे जोड, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (सिग्नल शोषून घेणारी टोपणं), १८५ मीटरची मर्यादा, आणि एक टर्मिनेटर निघाला की अख्खी रांग ठप्प. तो काळ आठवून हळहळण्यासारखं काही नाही, कटकटच होती. पण सिग्नल टोकाला जाऊन परत उलटतो हे मुलांना पटवायला त्याच्याइतकं सोपं साधन पुन्हा मिळालं नाही. म्हणून त्यातला एक टर्मिनेटर आमच्या कपाटात अजून आहे. त्या कपाटाबद्दल पुढे लिहायचंच आहे, कारण संस्थेची खरी मिळकत तेवढीच.

पहिले भागीदार टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. सगळे त्यांना काका म्हणत. सुरुवातीचे काही आठवडे कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आधी दोन तारांचा फोन समजून घ्यायचा, हा त्यांचा हट्ट. पालक कुरकुरायचे, ‘जुनं काय शिकवता?’ काका मल्टिमीटर हातात द्यायचे. रिसीव्हर ठेवलेला असताना लाइनवर उणे ४८ व्होल्टच्या आसपास, उचलला की दहाच्या खाली. लूप पूर्ण झाला, करंट वाहू लागला, यावरूनच एक्स्चेंजला कळतं की कुणीतरी फोन उचलला. उणे का? धन टोक जमिनीला दिलं की ओलाव्यात तांब्याची झीज कमी होते. दाताने वायर सोलायची सवय तर काका एका वाक्यात सोडवायचे: घंटी वाजताना त्याच तारेवर ७५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त एसी असतो.

मग बटणं. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. एक सूर आडव्या रांगेचा, एक उभ्या. दोन सूर अशासाठी की माणसाच्या आवाजाने चुकून नंबर लागू नये. त्यानंतर ३४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज, सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. असे ३२ टाइमस्लॉट एकत्र केले की २.०४८ एमबीपीएसची ई-१ लाइन. त्यात शून्यावा फ्रेमिंगला, सोळावा सिग्नलिंगला, उरले ३० आवाजाला. हा हिशेब ज्याने फळ्यावर स्वतः मांडला, त्याला पुढे व्हॉइस ओव्हर आयपीत कोडेक (आवाजाचे बिट करायची पद्धत) आणि बँडविड्थ वेगळी शिकवावी लागत नाही. आम्ही हा भाग आजही गाळलेला नाही आणि गाळणार नाही.

काकांचं क्रोन टूल, म्हणजे पॅनेलच्या खाचेत वायर दाबून बसवायचं हत्यार, हा वेगळाच विषय. ज्यांनी पॅनेल पंच केलंय त्यांना ठाऊक आहे, एका दाबात वायर बसते आणि जादाचा तुकडा कापला जातो, पण कात्रीची बाजू बाहेर हवी. उलटं धरलं की जी वायर राहायला हवी तीच कापली जाते. स्क्रू-ड्रायव्हरने वायर दाबणाऱ्या मुलाला काका त्या दिवशी पॅनेलजवळ फिरकू देत नसत. कारण रागाचं नव्हतं. स्क्रू-ड्रायव्हरने खाचेचे ओठ फाकतात, तेव्हाची वायर बसते, पुढच्या वेळी तिथेच बसवलेली सैल राहते, आणि महिन्याभराने ‘कधी चालतं, कधी नाही’ अशी तक्रार येते. असली तक्रार शोधायला पूर्ण तुटलेल्या लाइनीच्या दसपट वेळ जातो.

केबलला प्लग दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल रॅचेटचंच घ्या. पूर्ण दाब बसल्याशिवाय ते सुटत नाही, एवढाच त्याचा गुण आणि तेवढाच पुरेसा. हलक्या टूलचा जबडा मध्ये वाकतो, ४ आणि ५ नंबरच्या पिना वर राहतात. मजा अशी की १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ एवढ्याच पिना लागतात, त्यामुळे केबल ‘चालते’. गिगाबिटला आठही लागतात. काही कार्डं मुकाट्याने १०० वर उतरतात, काही लिंकच धरत नाहीत. मुलगा ड्रायव्हर बदलत बसतो, आणि दोष असतो अर्ध्या मिलिमीटरचा.

आता कपाट. आमच्याकडे खराब केबल फेकली जात नाही. तिला नंबर मिळतो आणि ती कपाटात जाते. त्यातली सर्वांत मोलाची ती, जिच्यावर टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. रंग जोडीजोडीने ओळीत लावलेले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला नीटनेटकं, दोन्ही टोकं सारखी, म्हणून टेस्टर खूश. पण इथरनेटच्या जोड्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशा आहेत. टी-५६८-बी मध्ये तिसऱ्या जागी पांढरा-हिरवा, चौथ्या जागी निळा, पाचव्या जागी पांढरा-निळा आणि सहाव्या जागी हिरवा येतो तो त्यासाठीच. ओळीत लावलं की ३ आणि ६ वर वेगवेगळ्या पिळाच्या तारा पडतात. पीळ एकमेकांचा गोंगाट मारतो तो जोडीतल्या जोडीत, जोडी फुटली की क्रॉसटॉक, म्हणजे शेजारच्या जोडीचा सिग्नल, आत शिरतो. तुकडा छोटा असेल तर खपून जातं. ४०-५० मीटरवर पिंग चालतं आणि फाइल रखडते. साधा टेस्टर फक्त सलगता बघतो, ‘नेक्स्ट’ (जवळच्या टोकाचा क्रॉसटॉक) मोजणारं यंत्र लागतं तेव्हाच ही केबल नापास होते. यंत्र नसेल तर प्लग उजेडात धरून रंग वाचायचे. पारदर्शक प्लास्टिक त्यासाठीच आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आमचं बरं चाललेलं असताना शेजारीच एक क्लास उघडला. नाव घेत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली. काही आठवड्यांत सर्टिफिकेट, नोकरीची हमी, एसी हॉल, प्रत्येकाला कॉम्प्युटर, आणि केबल एकही नाही. सगळं सिम्युलेटरवर, आणि परीक्षेआधी जुन्या प्रश्नांची घोकंपट्टी. आम्ही तयार केलेला शिक्षक त्यांनी उचलला, आमचे बिघाडाचे तक्ते त्याच्यासोबत गेले, आणि पुढच्याच महिन्यात ते तक्ते त्यांच्या छापील पुस्तिकेत आमच्या चुकलेल्या शुद्धलेखनासकट दिसले. बॅच रिकाम्या जाऊ लागल्या. भाड्यासाठी मॅनेज्ड (आतली सेटिंग बदलता येणारा) स्विच विकायची बोलणी झाली होती. काकांची तब्येतही त्याच सुमारास ढासळली. गाशा गुंडाळायचा एवढंच बाकी होतं.

सिम्युलेटरला आमचा विरोध नाही. व्हीलॅन, राउटिंग, अ‍ॅक्सेस लिस्ट त्यावरच शिकवावं, दहा राउटर कुणाच्या घरी असतात? पण सिम्युलेटरमध्ये केबल एकतर हिरवी असते नाहीतर लाल. अर्धमेली केबल तिथे नसते, आणि कामावर नव्वद टक्के डोकेदुखी अर्धमेल्याच केबलींची.

आमच्या परीक्षेतला एक प्रश्न सांगतो. स्विचचं एक पोर्ट हाताने १०० फुल डुप्लेक्सवर (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं) ठेवलेलं, समोरचं कार्ड ऑटोवर. ऑटोवाल्याला समोरून निगोशिएशनच, म्हणजे वेग आणि डुप्लेक्स ठरवायची बोलणीच, मिळत नाही. वेग तो सिग्नलवरून ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखायला काही मार्ग नाही, म्हणून नियमाप्रमाणे हाफ (एका वेळी एकानेच बोलायचं) धरतो. लिंकचा दिवा हिरवा. पिंग एकही चुकत नाही, कारण एका वेळी एकच छोटं पाकीट जातंय. मोठी फाइल सोडली की वेग कोसळतो: एक बाजू दुसऱ्याचं बोलणं चालू असताना बिनधास्त बोलते, दुसरी त्याला टक्कर समजून आपलं पाकीट अर्ध्यात सोडते. काउंटर उघडले तर हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा लक्षात आलेल्या टकरी), फुल बाजूला सीआरसी आणि रंट (बिघडलेली आणि अर्धवट पाकिटं). हे दोन आकडे शेजारी ठेवून जो ‘डुप्लेक्स’ म्हणतो तो पास. जो केबल बदलतो त्याला अर्धे गुण. जो विंडोज पुन्हा टाकायला निघतो त्याला पुढच्या बॅचला बसवतो.

आम्हाला तारलं ते एका केबलिंगच्या ठेकेदाराने. त्यांचं एका इमारतीचं कॅमेऱ्यांचं काम अडलं होतं. दिवसा सगळे कॅमेरे ठीक, अंधार पडला की लांबच्या टोकाचे चार-पाच कॅमेरे सारखे बंद पडून पुन्हा सुरू व्हायचे. कॅमेरे बदलून झाले, स्विच बदलून झाला, सॉफ्टवेअर बदलून झालं. शेजारच्या क्लासमधून आलेल्या मुलांनी आयपी अ‍ॅड्रेसची टक्कर आहे म्हणून सांगितलं. आमच्या क्लासच्या मुलाने केबलचा तुकडा घेतला, ब्लेडने तार खरवडली, आतून चांदीसारखी निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. रोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. पीओईच्या, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज द्यायच्या, ८०२.३ एएफ नियमात स्विच १५.४ वॅट देतो आणि १०० मीटरच्या टोकाला १२.९५ वॅट धरायचे, हा हिशेब तांब्याचा आहे. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो, लांबच्या केबलीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा मान टाकतो. केबलच्या खोक्यावर मात्र कॅट-६, म्हणजे तांब्याची केबल, असं छापलेलं.

तेव्हापासून त्या ठेकेदारांकडे कामाला लागणारा प्रत्येक पोरगा आधी आमच्याकडे येतो. फीमध्ये घासाघीस नाही, सर्टिफिकेटचं नावही नाही. त्यांची अट एकच: ‘साहेब, ९० मीटर पॅनेलपर्यंत आणि १० मीटर पॅच कॉर्डला, हे त्याच्या डोक्यात एवढं बसवा की मी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.’ स्विच विकायची वेळ टळली ती त्यांच्यामुळे. त्यांनी जुन्या कामांवरून काढलेले खराब तुकडेही आणून दिले, आणि कपाटाला दुसरा मजला चढला.

पुढची वर्षं सरळ गेली, त्यात लिहिण्यासारखं फार नाही. सबनेटिंगचं (आयपी पत्त्यांचे गठ्ठे पाडायचं) भूत मात्र दर बॅचला उतरवावं लागतं. /२६ म्हणजे ६४ चा गठ्ठा, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, मध्ये ६२ यंत्रं. सीमा ०, ६४, १२८ आणि १९२. बोटांवर करा, कॅल्क्युलेटर बंद.

जे असा क्लास काढायच्या विचारात आहेत त्यांना दोन शब्द, विचारलं नसलं तरी. नवे स्विच घेऊ नका, ऑफिसातून निघालेले जुने मॅनेज्ड स्विच घ्या, पोर्ट मिररिंग (एका पोर्टची रहदारी दुसऱ्यावर बघणं) आणि काउंटर त्यातही तेच असतात. एक जुना हब सांभाळून ठेवा. पाकीट सगळ्यांना कसं दिसतं आणि स्विचमध्ये का दिसत नाही, हे वायरशार्क (पाकिटं दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दाखवायला त्याच्याइतकं साधं काही नाही. स्पॅनिंग ट्री (लूप अडवणारी सोय) बंद करून लूप दाखवायचा असेल तर तो स्विच बाकीच्या नेटवर्कपासून तोडा. आणि मुलांना कन्सोल केबलचं (स्विचची सेटिंग करायची केबल) ९६००, ८, एन, १ पाठ करायला लावू नका, चुकीचा वेग टाकून स्क्रीनवर कचरा कसा येतो ते दाखवा.

फायबरचं टेबल सगळ्यात उशिरा आलं आणि सगळ्यात महाग पडलं. तिथे पहिला धडा हिशेबाचा. लेझर अधिक ३ डीबीएम, १० किलोमीटरला ३ डीबी, १:३२ स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश ३२ वाटा करणारा) १७, चार कनेक्टरना २, पाच जोडांना अर्धा. एकूण २२.५, म्हणजे घरात उणे १९.५ यायला हवेत. मीटर उणे २६ दाखवतोय तर ६.५ डीबी कुठे गेले? ओटीडीआर (फायबरमध्ये तोटा कुठे होतो ते दाखवणारं यंत्र) १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा दोन्ही तरंगलांबींवर लावायचा. १५५० वर तोटा बराच जास्त दिसला तर फायबर कुठेतरी आवळलं गेलंय. दोन्हींवर साधारण सारखा दिसला तर जोड किंवा मळलेला कनेक्टर. हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसलेला असणं हेही नेहमीचंच: हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, सपाटाशी ते टेकत नाही. आणि फायबरच्या टोकात डोकावून बघायचं नाही. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून तर धोका.

जोडाचा क्रम पक्का: २५० मायक्रॉनचं रंगीत कोटिंग स्ट्रिपरने काढायचं, आत १२५ ची पारदर्शक काच उरते, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, पुसल्यावर बोट लावायचं नाही, मग क्लीव्हर (टोक सरळ कापायला), मग स्प्लायसर (दोन टोकं वितळवून जोडायला). क्लीव्हरचं पातं झिजलं की टोक तिरकं कापलं जातं आणि दोष बिचाऱ्या स्प्लायसरला लागतो. पातं फिरवून नवी धार पुढे आणता येते, हे न कळल्याने लोक अख्खा क्लीव्हर टाकून देतात.

शेजारच्या क्लासनेही आता ‘संपूर्ण प्रॅक्टिकल’ असा फलक लावलाय. त्यावर मोठा फोटो आहे, मुलगा क्लीव्हरवर वाकलेला, चेहरा एकदम गंभीर. क्लीव्हरच्या पात्याखालचं फायबर निळंशार आहे, कोटिंग काढलेलंच नाही.