तुम्ही विचारलंत म्हणून: मेक्सिकोवाले हिशेबच ठेवत नव्हते का?

मेक्सिकोच्या जुन्या सरकारी जमाखर्चाबद्दल काही लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो. चांदीच्या खाणींवर बसलेला देश 1821 ला स्पेनच्या तावडीतून सुटतो आणि 1827 ला लंडनच्या कर्जाचं व्याज थकवतो, म्हणजे हे लोक हिशेबच ठेवत नव्हते का? तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ठेवत होते, ढिगाने ठेवत होते, फक्त त्या वह्या ज्या प्रश्नासाठी बनल्या होत्या तो प्रश्न वेगळा होता.

स्पॅनिश काळात सरकारी पेटीला तीन कुलपं असायची आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे, तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. अधिकाऱ्याने रुजू होतानाच जामीन द्यायचा. वहीत एकीकडे त्याच्या अंगावर किती रक्कम टाकली ते, दुसरीकडे त्यातली त्याने कुठे किती दिली ते, आणि उरलं ते त्याने मोजून दाखवायचं, नाहीतर पदरचं भरायचं. मेक्सिको सिटी, लिमा आणि बोगोटाला तर 1605 मध्येच हिशेब तपासायची वेगळी न्यायालयं नेमली होती! म्हणजे साहेबाने पैसे खाल्ले का, हे ती वही छान सांगायची. पण सगळ्या मुलखाचं मिळून उत्पन्न किती, देणं किती, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. 1784 ला माद्रिदहून दुहेरी नोंदीची (प्रत्येक व्यवहार एकदा नावे, एकदा जमा) पद्धत लावायचा हुकूम आला खरा, पण 1787 ला तो मागे घेतला आणि सगळे परत जुन्या वळणावर गेले.

आता ह्या वह्या वारसाहक्काने नव्या सरकारकडे आल्या. आकडे पेसो, रेआल आणि ग्रानो अशा तीन रकान्यांत, 8 रेआलचा पेसो आणि 12 ग्रानोंचा रेआल, त्यामुळे रुपये-आणे-पै बघितलेल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही. खरी गंमत जमेच्या बाजूला आहे. तिथे सर्वात वर गेल्या वर्षीची शिल्लक, मग कर आणि जकात, मग खालच्या पेट्यांतून, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या सरकारी तिजोऱ्यांतून, वर आलेली रक्कम (जी तिथे आधीच एकदा जमा धरलेली आहे), आणि त्याच रांगेत उचललेलं कर्जसुद्धा, आणि खाली सगळ्याची एकच बेरीज. पगार कमी पडला म्हणून मेव्हण्याकडून हातउसने घेतले आणि तेही पगारातच धरले, तसं हे. अधिकाऱ्याच्या जबाबदारीच्या दृष्टीने बरोबरच आहे म्हणा, पैसा आला तो त्याच्या अंगावर टाकलाच पाहिजे, पण देशाचं म्हणाल तर ज्या वर्षी जास्त कर्ज काढलं ते वर्ष कागदावर सर्वात सुखाचं दिसतं.

आणि कर्ज कसलं, तर 1824 ला लंडनच्या गोल्डश्मिट पेढीने 32 लाख पौंडांचे रोखे निम्म्या किमतीला उचलले, म्हणजे मेक्सिकोच्या नावे 32 लाख पडले आणि मिळणार 16, त्यातूनही व्याज आणि दलाली आधीच कापून. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका पेढीकडून तेवढंच कर्ज, भाव बराच बरा मिळाला, पण 1826 मध्ये दोन्ही पेढ्या बुडाल्या आणि त्या दुसऱ्या पेढीत मेक्सिकोचे पैसे पडून होते तेही अडकले. त्याच वर्षी मेक्सिकोच्या लंडनमधल्या सरकारी प्रतिनिधीने, रोकाफुएर्तेने, कोलंबियाला तिचं व्याज भरायला 63 हजार पौंड उसने दिले, आता बोला.

उत्पन्न तरी कुठून येणार, स्वातंत्र्य मिळवून सत्तेवर आलेल्या सेनापती इतुर्बिदेने येतायेताच विक्रीकर 6 टक्क्यांवर आणला, फौजेचा खर्च मात्र होता तिथेच, उरली बंदरातली जकात. त्यात वेराक्रूझसमोरचा सान हुआन दे उलुआ किल्ला नोव्हेंबर 1825 पर्यंत स्पॅनिशांच्याच हातात होता, तोफा शहरावर रोखलेल्या, म्हणून व्यापार बाजूच्या आल्वारादोला हलवावा लागला. घाईत हलवलेल्या जकातनाक्यावर किर्द-खतावणी कशी चालली असेल, मला तर कल्पनेनेच घाम फुटतो.

तरी त्यांनी प्रयत्न केला नाही असं म्हणवत नाही. 16 नोव्हेंबर 1824 च्या कायद्याने जुनं हिशेब न्यायालय मोडलं, मध्यवर्ती तिजोरी उभी केली, आणि तपासणीचं खातं थेट प्रतिनिधीगृहाच्या देखरेखीखाली आणलं, राजाच्या जागी संसद, हे मला कुठल्याही लढाईइतकंच मोठं वाटतं (घरच्यांना नाही वाटत). मंत्र्याने दरवर्षी अहवाल मांडायचा हेही ठरलं, फक्त अर्थमंत्री इतक्या पटापट बदलायचे की अहवालावर सही एकाची आणि आकडे दुसऱ्याच्या कारकिर्दीतले. पुढे तर सावकार कर्ज देताना थोडी रोकड आणि बाकी सरकारचेच जुने, बाजारात मातीमोल झालेले कागद पूर्ण किमतीला टेकवायला लागले, आणि जमेच्या रकान्यात दोन्ही शेजारी शेजारी जाऊन बसले, काय करणार.

हे सगळं निस्तरायला शेवटी अर्थमंत्री मातिआस रोमेरो बसला. त्याने सप्टेंबर 1870 ला जो अहवाल मांडला तो नावाला 45 व्या आर्थिक वर्षाचा, पण आत स्वातंत्र्यापासूनच्या जवळपास पन्नास वर्षांची जंत्री. थोडंफार स्पॅनिश येत असेल आणि मुळातून वाचायचं असेल तर तिथूनच सुरुवात करा, फक्त उत्पन्नाची बेरीज दिसली की आधी त्यातून शिल्लक, कर्ज आणि पेट्यांमधली ने-आण वजा करा आणि मगच मला विचारा पैसा गेला कुठे.