विकतच्या लिंका

"ताई, आमची वेबसाइट गूगलवरून गायब झालीय. पोरगं म्हणतंय हॅक झाली."

सांगलीच्या मार्केट यार्डातले हे हळदीचे व्यापारी मुलाला घेऊन थेट विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात आले. साइट गूगलवर नीट दिसाव्यात हे पाहणं हे आमचं काम. साइट हॅक झालेली नव्हती, नीट उघडत होती. सर्च कन्सोल, म्हणजे गूगल साइटच्या मालकाला साइटची स्थिती दाखवतं ती जागा, तिथं मॅन्युअल ॲक्शनचं, म्हणजे गूगलनं केलेल्या कारवाईचं, पान उघडलं आणि कारण समोर आलं: साइटकडे येणाऱ्या लिंका, म्हणजे दुसऱ्या साइटवरून इकडे आणणारे दुवे, अनैसर्गिक असल्याची नोटीस. अल्गोरिदममुळे, म्हणजे गूगलच्या आपोआप चालणाऱ्या हिशोबामुळे, क्रमांक वर-खाली होणं रोजचंच असतं. ही नोटीस मात्र गूगलकडची माणसं तपासून लावतात, म्हणून मी जरा गंभीर झाले.

लिंकांची यादी उतरवून घेतली. जुगाराच्या साइट, परदेशी औषधांची पानं, कुणीच वाचत नसलेले ब्लॉग, आणि प्रत्येक ठिकाणी अक्षरशः तेच शब्द: 'सांगली हळद ऑनलाइन'. मुलानं सांगितलं, एका कंपनीकडून लिंकांचं पॅकेज घेतलं होतं. पहिल्या पानावर आणून देतो म्हणाले होते, आणि काही दिवस आणलंही होतं.

शेठ म्हणाले, "पण लिंकेत एवढं काय असतंय?"

मी त्यांच्याच बाजारातलं उदाहरण दिलं. नवा गिऱ्हाईक यार्डात विचारतो, चांगला माल कुणाकडे? चार जुने अडते एकाच गाळ्याकडे बोट दाखवतात, तेव्हा त्या गाळ्याची पत वाढते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमधून मांडलेला पेजरँक, म्हणजे लिंकांवरून पानाची पत ठरवायची गूगलची पद्धत, याच तत्त्वावर उभा होता. पैसे घेऊन बोट दाखवणारेही लगेच आले. त्यांच्यासाठी गूगलनं एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आणलं, अशा खोट्या लिंका पकडणारा अल्गोरिदममधला बदल. जाहिरातीची लिंक देणं गुन्हा नाही, पण तिला 'स्पॉन्सर्ड' (पैसे घेऊन दिलेली) किंवा 'नोफॉलो' (हिची पत मोजू नका) अशी खूण पानाच्या कोडमध्ये लावावी लागते. इथं एकीलाही नव्हती.

शेठ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा माल खोटा नाही हो."

ते माझ्या मनाला लागलं. माल खरा होता, साक्षीदार भाड्याचे होते.

पुढचं काम कंटाळवाणं होतं. साइटवाल्यांना लिंक काढा म्हणून मेल केले. काहींनी काढायचेच पैसे मागितले, ते द्यायचे नाहीत असं मी ठाम सांगितलं. उरलेले डोमेन साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून डिसअव्हाव केले, म्हणजे यांच्या लिंका धरू नका असं गूगलला कळवलं. चांगली लिंक चुकून त्यात जाऊ नये म्हणून एकेक पान डोळ्यांनी पाहिलं. मग काय घडलं ते न लपवता लिहून गूगलकडे फेरतपासणीचा अर्ज केला.

दरम्यान मुलाला म्हटलं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत, आणि तुमच्या साइटवर याची एक ओळ नाही. तो कॅमेरा घेऊन हरिपूरला गेला. पेव कसं खणतात, हळद त्यात कशी टिकते, २००५ च्या महापुरानं पेवांचं काय केलं, हे त्यानं तिथल्या जुन्या माणसांकडून ऐकून लिहिलं.

नोटीस उठली. 'हळद' या शब्दाला साइट पूर्वीच्या जागी आली नाही, कारण ती चढण विकतचीच होती. शेठना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. पेवांच्या पानाला मात्र स्वयंपाकावर लिहिणाऱ्या एका बाईंनी आपणहून लिंक दिली. मुलानं ती मला फोन करून वाचून दाखवली आणि विचारलं, बेदाण्याचं पान कधी सुरू करू?